बसणाऱ्यांचा गट

ताईला आसनांचा गट मिळाला आणि मला बसणाऱ्यांचा. निवड संगणकाने केली होती, म्हणून भांडायला समोर कोणी नव्हतं. असतं तर ताईने सोडलं नसतं. तरी तिने संशोधक मुलीला गाठलंच.

"याच्या पाठीची कमान झालीय. जिना चढताना छाती शिट्टी वाजवते. याला आसनांत घे आणि मला बसव. मी बसेन गुपचूप."

"आजी, मी हाताने अदलाबदल केली तर सगळा अभ्यासच खोटा ठरेल," ती मुलगी म्हणाली.

"आणि आजी कोणाला म्हणतेस?"

ती मुलगी केसांत पेन्सिल खोचून हिंडायची, म्हणून पुढे आम्ही तिला पेन्सिलच म्हणू लागलो. ताई बसली असती गुपचूप, यावर तिचा विश्वास बसला नसावा. माझाही नव्हता.

अभ्यास असा होता. योगाने म्हाताऱ्या माणसांच्या शरीराला आणि मनाला नेमका किती फायदा होतो, हे मोजायचं होतं. एका योगसंस्थेच्या मोठ्या दालनात अर्धी माणसं आसनं आणि श्वासाचे प्रकार करणार. उरलेली अर्धी त्याच वेळी शेजारच्या खोलीत नुसती खुर्च्यांवर बसणार. चहा दोघांना सारखाच, यायचे दिवसही सारखेच. म्हणजे घराबाहेर पडल्यामुळे, दोन जिने चढल्यामुळे जो काही फरक पडायचा तो दोघांनाही पडेल, आणि त्यावर जे उरेल ते योगाचं. पेन्सिलने हे समजावून सांगितलं तेव्हा मला ते फार आवडलं. मी जन्मभर छापखान्यात प्रूफं तपासली. मूळ प्रत शेजारी ठेवल्याशिवाय चूक दिसत नाही, एवढं मला कळतं. आम्ही बसणारे म्हणजे ती शेजारची प्रत.

अट एकच होती. अभ्यास संपेपर्यंत बसणाऱ्यांनी घरीसुद्धा योग करायचा नाही, आणि आसनवाल्यांनी कोणाला शिकवायचा नाही. मी हो म्हणालो. मला माणसांत हो म्हणायलाही वेळ लागतो, पण एकदा म्हटलं की ते मागे घ्यायला त्याहून जास्त लागतो.

ही अट आमच्या घरात पाळणं सोपं नव्हतं. आम्ही दोघंच राहतो. मी लग्न केलं नाही. म्हणजे केलं नाही असं म्हणतो, विचारायचं धाडस झालं नाही हे खरं. मेहुणे गेल्यावर ताई माझ्याकडे आली आणि माझी पुस्तकं कॉटखाली गेली. घरात खोल्या दोन. पुढच्या खोलीत ती सकाळी सतरंजी टाकून सराव करायची. मी स्वयंपाकघरात दार लावून, भिंतीकडे तोंड करून, नळ सोडून बसायचो, म्हणजे तिच्या सूचना कानावर पडायला नकोत. ती स्वतःलाच मोठ्याने सूचना द्यायची.

"पाणी वाया घालवू नकोस!" ती पुढच्या खोलीतून ओरडायची. "बघितल्याने काय विटाळ होणारे का तुला?"

"बघितलं की करावंसं वाटेल."

"मग कर की! कोण येतंय तपासायला?"

"मी आहे ना घरात," मी म्हणायचो. यावर ती कपाळाला हात लावायची. दाराआडूनही ते मला कळायचं.

तिला फरक पडत होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. पहिल्या आठवड्यांत ती दालनातून कण्हत बाहेर यायची. मग कण्हणं गेलं. मग जिन्याच्या कठड्यावरचा हात सुटला. रात्री उशांचा ढीग करून अर्धवट बसून झोपायची, ती आडवी झोपू लागली. अभ्यासात एक चाचणी होती: जमिनीवर मांडी घालून बसायचं आणि हात, गुडघा, भिंत, कशाचाही आधार न घेता उठायचं. सुरुवातीला ताईला दोघांनी धरून उठवलं होतं. अखेरीस ती अशी उठली की दालनात टाळ्या पडल्या. घरी आल्यावर तिने ते मला पुन्हा पुन्हा करून दाखवलं. मी डोळे मिटून घेतले, कारण हेही शिकवण्यात येतं की काय, याची मला खात्री नव्हती.

आता आमच्या खोलीविषयी.

आम्ही नुसतं बसायचं होतं. खुर्च्या भिंतीला लावून मांडलेल्या, मधे टेबल, टेबलावर वर्तमानपत्रं. अभ्यास आखणाऱ्यांनी या खोलीला 'काहीच नाही' असं धरलं होतं. ती तरुण, कामात बुडालेली माणसं. म्हाताऱ्या, एकट्या माणसांना एका खोलीत एकमेकांसमोर बसवून ठेवलं तर काय होतं, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. पहिल्या दिवशी काहीच झालं नाही, हेही खरं. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि शेवटपर्यंत खाली घेतलं नाही. पुढच्या खेपेला समोरच्या खुर्चीतून आवाज आला.

"काका, गेल्या वेळीही तुम्ही हेच पान वाचत होता."

हे निवृत्त बसड्रायव्हर. जन्मभर आरशातून माणसं बघितलेला गृहस्थ, त्याच्या नजरेतून काही सुटायचं नाही. मी उत्तर शोधत राहिलो. उत्तर सापडेपर्यंत विषय बदलतो, हा माझा नेहमीचा अनुभव. पण त्या खोलीत कोणालाच कुठे जायचं नव्हतं. सगळे थांबले.

"मी... वाचत नव्हतो," मी म्हणालो.

"मग?"

"लपलो होतो."

जो हशा पिकला, त्यात माझ्या शेजारच्या नर्सबाईंचा चहा सांडला. ड्रायव्हरने माझं नाव स्वल्पविराम ठेवलं, मी बोलताना मधेच थबकतो म्हणून. मला राग यायला हवा होता. त्या रात्री मी कोणती तरी जुनी घटना आठवावी तसं ते नाव आठवत झोपलो, आणि सकाळपर्यंत झोपलो.

मग खोलीत बोलणं सुरू झालं ते थांबेना. नर्सबाई वॉर्डातल्या रात्रपाळीच्या गोष्टी सांगायच्या. त्यांचा मुलगा दूर, फोनवर हवामान विचारतो आणि ठेवतो. ड्रायव्हर एकदा रडला. बायको गेल्यावर पहिल्यांदा, असं म्हणाला, आणि लगेच "डोळ्यांत पेपरची शाई गेली" म्हणाला. मी छापखान्यातल्या चुकांचे किस्से सांगितले. मी! लग्नपत्रिकेत वराच्या जागी वधूपित्याचं नाव कसं गेलं, ते सांगताना मी उभा राहिलो होतो, हे मला नंतर कळलं. योग मात्र कोणी केला नाही. एकदा ड्रायव्हरने सवयीने हात वर करून आळस दिला तर नर्सबाई कडाडल्या, "खाली घ्या! आसनासारखं दिसतंय!"

महिन्या-महिन्याने पेन्सिल आम्हाला एकेकट्याने बोलावून मनाविषयी प्रश्न विचारायची. त्यातला एक होता: गेल्या आठवड्यात आपलं कोणालाच काही काम नाही, असं कितीदा वाटलं? पहिल्या खेपेला मी न थांबता म्हणालो होतो, रोज. शेवटच्या खेपेला आठवावं लागलं.

आणि इथेच घोटाळा झाला.

अभ्यास संपल्यावर संस्थेच्या प्रमुखांनी मला बोलावलं. पेन्सिल खिडकीपाशी उभी होती, बाहेर बघत. प्रमुख सज्जन माणूस, हे मी आधीच सांगतो. आवाज मऊ, स्वतः वर्षानुवर्षं योग करणारे, पाठ पट्टीसारखी सरळ. त्यांनी मला चहा दिला.

"काका, निकाल आलाय. शरीराच्या बाबतीत आसनांचा गट खूप पुढे. सांधे, श्वास, तोल, झोप. काही शंकाच नाही."

"उत्तम," मी म्हणालो.

"मनाच्या बाबतीत मात्र दोन्ही गट सारखेच सुधारले. तुम्ही लोक काहीही न करता."

मला अपराधी वाटू लागलं. मला तसं लवकर वाटतं.

"असं कसं होईल?" ते म्हणाले. "नगरपालिकेची समिती बसणार आहे. प्रत्येक वस्तीत योगाचा वर्ग काढायचा त्यांचा विचार आहे. मी त्यांच्यापुढे हे ठेवलं, तर ते म्हणतील, मग खुर्च्या आणि वर्तमानपत्रं पुरेत की. सगळं बारगळेल. आता मला सांगा, तुमच्या ताई आसनांच्या गटात. एका घरात राहता. त्या सराव करणार, तुम्ही बघणार. तुम्हीही केलं असेल. त्यात लपवण्यासारखं काय? माणूस आहे."

"नाही केलं."

"थोडंसं? शेजारी बसून?"

"नाही."

त्यांनी टेबलावरचं आवाज नोंदवायचं छोटं यंत्र माझ्याकडे सरकवलं. ते बंद होतं. "एक वाक्य बोलायचं. घरी आसनं केली, एवढंच. तुमच्या घरात झालं तर इतरांच्याही झालं असणार, असं धरून मी बसणाऱ्यांचा गट गणतीतून काढू शकतो. कोणाचं नुकसान नाही. उलट, ताईंचा वर्ग चालू राहील. नाहीतर तो या महिन्याअखेर बंद होतोय. परवा या. विचार करून या."

पेन्सिल तेव्हा वळली. तिच्या केसांत पेन्सिल नव्हती. ती तिने हातात घेऊन तिचे दोन तुकडे केले होते.

घरी आलो आणि ताईला सांगितलं. मला वाटलं होतं, ती माझ्या बाजूने उभी राहील. का वाटलं होतं, कोण जाणे. लहानपणी माझ्या वाटची भांडणं तीच भांडायची, म्हणून असेल.

"मग बोल की," ती भाजी चिरता चिरता म्हणाली.

"ताई, मी केलंच नाही."

"ते मला माहितीये. गाढवासारखा नळ सोडून बसायचास. पण एका वाक्याने काय झिजणारेस तू?"

"खोटं आहे ते."

"तुझं खरं-खोटं घाल चुलीत!" तिने विळी बाजूला सारली. "मी आडवी झोपते आता. कळतं का तुला आडवं झोपणं म्हणजे काय? तुझे मेहुणे गेल्यापासून मी पाठ टेकली नव्हती. तो वर्ग गेला की मी पुन्हा उशांवर. घरी एकटीने होत नाही माझ्याच्याने, शिकवणारा लागतो, चूक सुधारणारा लागतो. आणि तू तिथे साधुसंतासारखा बसणार!"

तिचं बरोबर होतं. मी ते एक वाक्य न बोलण्याची किंमत तिचा श्वास मोजणार होता. शिवाय मला स्वतःवरच भरवसा नव्हता: मी खरं धरून बसलोय, की मला फक्त हट्ट करायची संधी आयुष्यात पहिल्यांदा मिळालीय? रात्रभर दोघंही एकमेकांच्या कुशी बदलण्याचे आवाज ऐकत होतो.

सकाळी तिने चहा माझ्यासमोर आदळला.

"काय म्हणाला तो नेमकं? शरीराच्या बाबतीत आमचा गट पुढे, शंका नाही?"

"हो."

"म्हणजे माझं उठणं-बसणं खरंच आहे. यंत्राने मोजलेलं."

"हो."

"आणि ते खरं ठरवायला माझ्या भावाने खोटं बोलायचं?"

मी मान वर केली. तिच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. हा चेहरा मला लहानपणापासून माहीत होता; तो दिसला की शेजारची पोरं गल्ली सोडायची.

"घाम मी गाळला. कण्हले मी. आणि टेकू तुझ्या थापेचा? माझ्या गुडघ्याला काय कुबडी लागते का रे? चप्पल घाल."

"परवा बोलावलंय. म्हणजे उद्या."

"चप्पल घाल म्हणते ना."

संस्थेत ती माझ्यापुढे जिना चढली. मी वर पोचलो तेव्हा प्रमुखांचं दार वाजवूनही झालं होतं आणि उघडूनही झालं होतं. पेन्सिल आत होतीच. ताईने टेबलावरचं यंत्र उचलून तिच्या हातात दिलं.

"हे चालू कर, बाळ."

"ताई, जरा बसून..." प्रमुख उठू लागले.

"बसतेच आहे." असं म्हणून ती त्यांच्या टेबलासमोर फरशीवर मांडी घालून बसली, पदर खोचला, हात छातीशी धरले आणि कशालाही न शिवता सरळ उभी राहिली. मांजरीसारखी नव्हे, म्हातारी बाई जशी उठेल तशीच, पण स्वतःच्या बळावर. "हे योगाचं. हे कोणाच्या बापालाही खोडता येणार नाही. आता हा माझा भाऊ. तुम्ही म्हणता, याने घरी आसनं केली. बस रे खाली."

"ताई," मी म्हणालो.

"बस म्हणते."

तिला काय करायचं आहे, हे माझ्या लक्षात आलं आणि माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. चारचौघांत धडपडण्यापेक्षा मला मरण बरं वाटतं. पण त्या मऊ आवाजाच्या माणसाने माझ्यासारख्या मिंध्याला नेमकं का निवडलं होतं, तेही त्याच वेळी माझ्या लक्षात आलं. ड्रायव्हरला त्यांनी बोलावलं नव्हतं. नर्सबाईंना बोलावलं नव्हतं. मी बसलो. म्हणजे बसायला गेलो आणि शेवटचं वीतभर अंतर पडलो.

"ऊठ आता. आधार न घेता."

मी प्रयत्न केला. पुढे झुकलो, मागे कललो, एक पाय सोडवला, तो दुसऱ्यात अडकला. पाठीतून कळ गेली. छातीची शिट्टी वाजू लागली आणि त्या शांत खोलीत ती केवढी तरी मोठी ऐकू आली. कासव उलटं झाल्यावर जे करतं, ते सगळं मी केलं. उठलो नाही.

"बघा," ताई म्हणाली. "याने आसनं केलीत."

प्रमुखांचा चेहरा उतरला. पण ते हुशार होते. "आसनं नसतील केली. श्वासाचे प्रकार तरी..."

"ती शिट्टी ऐकलीत ना? कोणता प्रकार म्हणायचा तो?"

ते टेबलाला वळसा घालून आले आणि वाकून माझ्यापुढे हात केला. "काका, उठा. उगाच त्रास करून घेऊ नका. आपण बघू काय करता येतं ते."

तो हात धरला असता तर सगळं तिथेच विरघळलं असतं. मी तसा आयुष्यात अनेकदा विरघळलोय. मी हात मांडीवर ठेवले.

"नको," मी म्हणालो.

"काका..."

"मी बोलतो आणि मग उठतो. यंत्र चालू आहे का?"

पेन्सिल माझ्याशेजारी फरशीवर बसली आणि तिने यंत्र माझ्या तोंडाशी धरलं. खालून सगळं वेगळं दिसतं. प्रमुखांच्या टेबलाखाली धूळ होती, आणि त्यांचे गुडघे मला आमच्यासारखेच वाटले.

"मी घरी योग केला नाही," मी म्हणालो. मी थबकलो नाही. "एकही दिवस नाही. बसणाऱ्यांपैकी कोणीही केला नाही. आळससुद्धा देऊ दिला नाही एकमेकांना. माझं शरीर होतं तसंच आहे, ते तुम्ही आत्ता पाहिलंत. योगाने माझ्या बहिणीला जे दिलं ते मला मिळालेलं नाही, आणि मला ते हवंय. पण माझं मन सुधारलं, तेही खरं आहे. तुम्ही आम्हाला काहीच दिलं नाही असं तुम्ही धरलंत. तुम्ही आम्हाला माणसं दिलीत. ते मोजायचं तुमच्या आखणीत राहून गेलं. ती तुमची चूक आहे, माझी नाही. चूक सापडली की प्रत सुधारायची असते. शेजारची प्रत फाडून टाकायची नसते."

"पण मग समितीला मी काय सांगू?" प्रमुखांचा आवाज आता मऊ राहिला नव्हता. "त्यांना साधं उत्तर हवं असतं. हो की नाही. तुम्हाला कल्पना नाही, काका. तुमच्या या खरेपणामुळे शेकडो माणसांना आसनं मिळणार नाहीत."

हे मला लागलं. अजूनही लागतं. त्यांचं म्हणणं चूक होतं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

"जे आलंय तेच सांगा," मी म्हणालो. "शरीराला योगानेच फायदा होतो. मनाला योगाने होतो, आणि सोबतीनेही होतो. त्यांना ते समजणार नाही, असं तुम्ही आधीच का ठरवता? आम्हाला समजलं."

मग पेन्सिल खालूनच म्हणाली, "सर, माझं नाव आहे त्या अहवालावर. एक गट काढला, तर माझं नावही काढा."

प्रमुख खिडकीपाशी गेले. पाठमोरेच "दोन्ही गट ठेव," एवढंच म्हणाले आणि खोलीबाहेर गेले. मला ओलांडून जावं लागलं त्यांना.

मी उठलो तो असा: आधी गुडघ्यावर, मग खुर्चीचा हात धरून, मग ताईने कॉलर पकडून ओढल्यावर. सुंदर नव्हतं ते.

समितीने काय केलं, तर निर्णय पुढे ढकलला. ती पुढची तारीख अजून आलेली नाही. महिनाअखेर संस्थेने दालनाला आणि आमच्या खोलीला कुलूप लावलं. ताई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा उशा रचताना दिसली. मी तिला मदत करायला गेलो तर म्हणाली, "दूर हो." मी दूर झालो. तिला दुःख करायचा हक्क होता.

वर्गाच्या वाराला मात्र ती नेहमीच्या वेळी सतरंजी काखेत मारून निघाली. मी मागोमाग. संस्थेच्या पायऱ्यांवर आसनवाले जमलेले, बसणारेही जमलेले. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. शिकवणारा तरुण रजा टाकून आला होता. रखवालदार म्हणत होता, "परवानगी दाखवा." ड्रायव्हर त्याला म्हणत होता, "कशाची? उभं राहण्याची?" नर्सबाई थर्मास उघडत होत्या.

ताईने ओसरीवर सतरंजी पसरली. मग दुसरी पसरली. ही तिने घरून लपवून आणली होती.

"ये," ती म्हणाली. "अभ्यास संपला. आता तुझी काही अट-बिट नाही ना?"

"नाही."

"मग लोळ इथे."

"लोकं बघतायत, ताई."

"बघू देत. फरशीवर भाषण ठोकलंस ना? आता लाजतोस?"

मी सतरंजीवर आडवा झालो. रखवालदार माझ्या डोक्याशी उभा राहून परवानगीचं काय ते विचारतच होता.

"बाबा रे," ताई त्याला म्हणाली, "जरा बाजूला हो. त्याला हात वर घ्यायचेत."